लांब पल्ल्यासाठी पहिली रोड बाईक: दुकानातली दहा मिनिटं आणि रस्त्यावरचा दहावा तास

रोड बाईक घेतोय असं घरी सांगितलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "किती सीसी?" सायकल आहे म्हटल्यावर आणि किंमत ऐकल्यावर दुसरा प्रश्न आलाच नाही, ते पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले. तेव्हापासून बरीच वर्षं झाली आणि आता पावसाळा संपत आला की मला मेसेज यायला लागतात, "दादा साठ हजार बजेट आहे, कुठली घेऊ?" पूर्वी मी फटकन मॉडेलचं नाव सांगून मोकळा व्हायचो, आता सांगत नाही. मॉडेल दरवर्षी बदलतात, रंग बदलतात, दुकानात तुमच्या साईझचा पीस असेल की नाही हेही कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे निवडायचं कसं तेच एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी माझी फजिती. माझी उंची १७१ सेंमी. पहिल्या सायकलच्या वेळी एका दुकानात ५६ साईझचा एकच पीस उरला होता, त्यावर बरी सूट होती, आणि तिथला माणूस म्हणाला की सीट खाली करून देतो, बाकी सवय होते. पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या, असं वाटलं की उडतोय. घेऊन टाकली. मग पहिली मोठी राईड, पुणे-पाचगणी-पुणे, साधारण दोनशे किलोमीटर. खंबाटकी घाट चढेपर्यंत हातांना मुंग्या, सुरूर फाट्याला मान धरली, आणि परतीला शिरवळच्या ढाब्यावर चहाचा कप उजव्या हातात नीट धरता येईना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुढचे चार दिवस बधिर होतं, शर्टाची बटणं बायकोने लावून दिली. सायकल वाईट नव्हती हो, माझ्या मापाची नव्हती एवढंच. आठ महिन्यांनी निम्म्या किमतीत विकली.

दुकानातल्या दहा मिनिटांत प्रत्येक रोड बाईक भारी वाटते, अगदी चुकीच्या मापाची सुद्धा. लांब पल्ल्याची सायकल कशी आहे ते कळतं दहाव्या तासाला, जेव्हा ऊन डोक्यावर असतं, बूड दुखत असतं आणि अजून साठ किलोमीटर बाकी असतात. म्हणून खालचं सगळं त्या दहाव्या तासाच्या हिशोबाने वाचा.

आधी राईड ठरवा

"लाँग डिस्टन्स" म्हणजे तुमच्यासाठी काय ते कागदावर लिहा. रविवारी सकाळी लोणावळ्याला जाऊन जेवायच्या वेळेला घरी, हे वेगळं. बीआरएम वेगळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीआरएम म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात स्वतःच्या बळावर पूर्ण करायचं, पहिला-दुसरा नंबर काही नाही. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच सीझनमध्ये चारही केल्या की सुपर रँडोनर. पुढे कुणाला फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची स्वप्नं पडतात, ती १२०० किमीची, चार वर्षांतून एकदा, मागची २०२३ ला झाली.

आता हिशोब करून बघा. २०० किमी साडेतेरा तासात म्हणजे ताशी १५ सुद्धा नाही. चहा, नाश्ता, पंक्चर, फोटो, सगळं मिळून दोन तास थांबलात तरी चालत्या सायकलचा वेग साडेसतराच्या आसपास लागतो. म्हणजे तुम्हाला वेगवान सायकलची गरज आहे का? नाहीये. हायब्रीडवर, म्हणजे सरळ हँडलच्या शहरी सायकलवर, बीआरएम करणारे लोक आहेत, एमटीबीवर, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलवर, करणारेही आहेत. तरी मी रोड बाईक घ्या म्हणतो त्याचं मुख्य कारण ड्रॉप हँडल, म्हणजे खाली वळलेलं हँडल, हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, सरळ हँडलवर एकच. आणि दुसरं कारण वारा, दुपारी समोरून वारा सुटला की थोडं वाकता येणं म्हणजे काय सुख असतं ते महामार्गावर एकदा अनुभवलं की कळतं.

ज्यांना अर्धा वेळ कच्च्या रस्त्यावर, धरणांच्या कडेने, आडगावांतून फिरायचंय त्यांनी ग्रॅव्हल बाईक बघावी. जाड टायर, हलके गिअर, डांबरावर थोडी सुस्त. आपल्याकडचे काही राज्यमार्ग बघता ती शहाणपणाचीच वाटते कधीकधी.

पैशाचे दोन ढीग

बजेट साठ हजार असेल तर साठ हजाराची सायकल घेऊ नका. ही चूक जवळजवळ सगळे करतात आणि मग हेल्मेट "पुढच्या महिन्यात". पंधरा हजारांच्या आसपास बाजूला काढा, त्यात हेल्मेट, चांगला पुढचा दिवा, मागचे दोन लाल दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, घरचा उभा पंप, सोबत न्यायचा छोटा पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर, मल्टीटूल, दोन बाटल्या, आणि पॅड असलेली बिब शॉर्ट्स, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डी. शेवटच्या गोष्टीत कंजूसपणा करू नका, बाकी कशात करायचा तो करा. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे जुन्या व्हिडीओतल्या किमती धरून बसू नका, दुकानात आजचा भाव विचारा.

किती पैशात काय मिळतं? अगदी ढोबळ सांगतो. तीस हजारांच्या खाली "२१ स्पीड रोड बाईक" म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच सायकलींना मागे कॅसेट, म्हणजे हबवर सरकवून बसवलेला दातेरी चकत्यांचा संच, नसते, जुन्या पद्धतीचं स्क्रू होणारं फ्रीव्हील असतं. त्यात चाकाचं बेअरिंग एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, टोकापासून आत राहतं, वजनदार माणूस आणि खराब रस्ता एकत्र आले की एक्सल वाकतो किंवा सरळ तुटतो. शहरात फिरायला ठीक, रात्री दोन वाजता कुठल्यातरी घाटात नको. पन्नास ते ऐंशी हजारांत ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), शिमानोचा क्लॅरिस किंवा सोरा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) असं व्यवस्थित काहीतरी मिळायला लागतं. पहिल्या सायकलसाठी माझ्या मते इथेच थांबावं. लाखाच्या वर डिस्क ब्रेक, शिमानोचेच वरचे टियाग्रा, १०५ हे ग्रुपसेट वगैरे, आनंद आहे, पण त्याशिवाय ६०० ची बीआरएम होत नाही असं काही नाही.

मग शरीर मोजा, घरीच

हा भाग नीट वाचा, बाकीचा चाळला तरी चालेल.

भिंतीला पाठ टेकवून अनवाणी उभे राहा, दोन पायांत वीतभर अंतर. पुठ्ठ्याच्या बाइंडिंगचं जाडजूड पुस्तक घ्या आणि दोन पायांच्या मध्ये वर दाबून धरा, सॅडल, म्हणजे सीट, जितकी दाबते तितकं, लाजू नका. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. हा तुमचा इनसीम. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. इनसीमला ०.८८३ ने गुणलं की पेडलच्या दांड्या जिथे जोडल्या असतात त्या मध्यबिंदूपासून सॅडलच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. इनसीम ८० सेंमी असेल तर साधारण ७०.६ सेंमी. हे सुरुवातीचं माप आहे, दगडावरची रेघ नाही, पुढे पाच-सात मिलिमीटर इकडे-तिकडे होईल.

साईझचा आकडा मात्र फसवा असतो. एका कंपनीची ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५२ एवढी निघते, कुणी एस-एम-एल लिहितं. ढोबळमानाने १६५ सेंमी उंचीला ५० ते ५२, १७० ते १७५ ला ५४, १८० च्या आसपास ५६, पण यावर पैसे लावू नका. त्याऐवजी कंपनीच्या साईटवर जॉमेट्रीचा तक्ता असतो त्यात फक्त दोन आकडे शोधा: स्टॅक आणि रीच. स्टॅक म्हणजे फ्रेमचं पुढचं नाक, जिथे हँडल बसतं ते, पेडलच्या दांड्यांच्या त्याच मध्यबिंदूपासून किती उंच, आणि रीच म्हणजे ते किती पुढे. स्टॅकला रीचने भागा. ५७० भागिले ३८० म्हणजे १.५. दीड किंवा वर उत्तर आलं तर सायकल तुम्हाला बऱ्यापैकी ताठ बसवणार, हिला एंड्युरन्स जॉमेट्री म्हणतात. ५४० भागिले ३८५ केलं तर १.४, ही रेसची, पोट आत घेऊन वाकायची. ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने दीडच्या खाली उतरू नये असं माझं मत आहे, आणि हे मत माझ्या मानेने बनवलंय.

नावं हवीच असतील तर ट्रेकची डोमाने, जायंटची कंटेंड, कॅननडेलची सिनॅप्स, डेकॅथलॉनच्या ट्रायबान ह्या आरामाकडे झुकणाऱ्या. ट्रेकचीच एमोंडा, जायंटचीच टीसीआर, स्पेशलाईज्डची टारमॅक ह्या रेसच्या. एकाच कंपनीच्या दोन सायकली शेजारी उभ्या असतात, सारख्याच दिसतात, आणि एक तुम्हाला गोव्याला नेते, दुसरी फिजिओथेरपिस्टकडे.

दोन साईझच्या मध्ये असाल तर लहान घ्या. लहान फ्रेमला स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, लांब करता येतो, सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, वर घेता येते. मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही, मी विचार करून बघितलाय.

बुटक्या लोकांचं आणि त्यातही बायकांचं दुकानात फार हाल होतं. माझ्या बहिणीची उंची १५४, तिला तीन दुकानांत "ह्यातच ॲडजस्ट होईल मॅडम" ऐकावं लागलं. होत नाही. एक्सएस किंवा ४४-४७ साईझ मागवून घ्यायला महिना लागला तरी थांबा. अगदी लहान फ्रेमला एक गोष्ट बघायची, सायकल जागेवर उभी करून पाय पेडलवर ठेवून हँडल वळवा, बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं का. थोडं घासलं तर धावत्या सायकलवर सहसा अडत नाही, पण ट्रॅफिकमध्ये हळू वळताना पाडतं. ब्रेकचा दांडा हात लहान असेल तर जवळ घेता येतो, बहुतेक शिफ्टरना, म्हणजे हँडलवरच्या गिअर-ब्रेकच्या मुठींना, तशी सोय असते, दुकानदाराला करून द्यायला सांगा. बहिणीला कुणी सांगितलंच नव्हतं, ती चार महिने दोन बोटं ताणून ब्रेक मारत होती.

गिअर: किती आहेत ते विचारू नका, सगळ्यात हलका कुठला ते विचारा

दुकानात लोक विचारतात, किती गिअरची? १६ असोत की २२, घाटात तुम्ही एकाच गिअरवर असणार आणि तो म्हणजे सगळ्यात हलका. त्यामुळे दोनच दातांचे आकडे बघा: पुढची लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी.

कॉम्पॅक्ट म्हणजे पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात. मागे कॅसेट ११-२८ असेल तर हलका गिअर ३४ ला २८. चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं, पाय मिनिटाला ६० वेळा फिरले तर ह्या गिअरवर ताशी सव्वानऊ किलोमीटर वेग पडतो. तेच कॅसेट ११-३४ असेल तर त्याच पायाच्या वेगाला साडेसातच्या थोडं वर. म्हणजे काय, की पसरणी घाटात तुमचा दम ताशी आठचाच असेल तर पहिल्या सायकलवर पाय मिनिटाला ५२ पर्यंत खाली येतील, गुडघ्यावर जोर, आणि दुसऱ्या सायकलवर आरामात फिरत राहतील. जुन्या रेस सायकलींना पुढे ५३-३९ आणि मागे २५ असायचं, तिथे ६० च्या लयीला ताशी बारा जायलाच लागतं. जमत असेल तर जा, मी उतरून ढकलतो.

पसरणी घाट वाईपासून पाचगणीपर्यंत अकरा-बारा किलोमीटरचा, उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, चढ तसा सभ्य. सिंहगडाचा रस्ता त्याहून तिखट. पण खरी परीक्षा ह्या दोन्हींत नाही, ती आहे १८० किलोमीटर झाल्यावर घरी येताना लागणाऱ्या कात्रजच्या चढात, जो एरवी तुम्ही गप्पा मारत चढता. मागे ३२ किंवा ३४ दात असलेली कॅसेट घ्या. कंपनीने २८ दिली असेल तर दुकानदाराला विचारा की ह्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राला, ३२-३४ चालतं का, लांब पिंजऱ्याचा असेल तर बहुधा चालतं, आणि नवी घेतानाच बदलून घ्या, तेव्हा घासाघीस करता येते. जुन्या सायकलींमध्ये पुढे तीन चकत्यांचा सेट दिसतो, ५०-३९-३०, आजकाल त्याला कुणी विचारत नाही पण घाटवाल्या माणसासाठी ३० ची ती छोटी चकती म्हणजे देवमाणूस.

ग्रुपसेटच्या पायऱ्या शिमानोमध्ये अशा, क्लॅरिस मागे ८, सोरा ९, टियाग्रा १०, आणि १०५ आधी ११ होती ती आता १२. वरच्या पायरीला फायदा काय? दोन गिअरमधला फरक कमी, हाताला मऊ, थोडं हलकं. तोटा काय? चेन आणि कॅसेट महाग, आणि सेटिंग जरा हललं की कुरकुर जास्त. क्लॅरिसवर सुपर रँडोनर झालेली माणसं आहेत. मला विचाराल तर सोरा, कारण पैसे आणि समाधान यांचा मेळ तिथे बसतो, पण हे माझं वेड समजा. शिमानोऐवजी मायक्रोशिफ्ट कंपनीचं दिसलं तर नाक मुरडू नका, काम करतं.

टायरला जागा, आणि ब्रेक

पूर्वी २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे टाईट भरून चालवायचे, आता ते गेलं. २८ मिलिमीटर ही आपल्या रस्त्यांना किमान, ३२ मावत असेल तर फारच छान. सायकल बघताना टायर कुठला लावलाय हे बघू नका, टायर बदलता येतो, फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये जास्तीत जास्त किती मावतो ते विचारा. रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाची बाहेरची कड पॅडने पकडणाऱ्या ब्रेकच्या, सायकलींत बऱ्याचदा २५ किंवा २८ लाच गाडी अडते. डिस्कवाल्यांत ३२ च्या पुढेही जागा असते. हायवेच्या कडेला त्या आडव्या थर्मोप्लास्टिकच्या पट्ट्या असतात ना, सहा-सात एका ओळीत, त्यांच्यावरून दिवसभरात दोनशे वेळा गेलात की २५ आणि ३२ मधला फरक तुमचे दात सांगतील. हवा पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरायची नसते, सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७५ पीएसआयच्या आसपास पुरे, त्याहून जड असाल तर थोडी जास्त.

रिम की डिस्क यावर लोक रात्रभर भांडतात. कोरड्या रस्त्याला चांगला रिम ब्रेक पुरतो, हलका असतो, कुठेही दुरुस्त होतो. पावसाळ्यात ताम्हिणी उतरायची असेल तर डिस्क हवा, ओल्या रिमला पॅड पकडेपर्यंतचा जो क्षणभर जातो तो फार मोठा वाटतो, शिवाय चिखल-वाळू पॅडमध्ये बसून रिम खाते. डिस्कमध्ये वायरवाले आणि तेलवाले असे दोन. तेलवाले हाताला सुखाचे, एका बोटाने थांबतात. पण लांब एकट्याने फिरणाऱ्याला मी पहिल्या सायकलसाठी वायरवालेच सांगतो, तालुक्याच्या गावात ब्रेकची वायर मिळते, मिनरल ऑइल आणि ते भरणारा माणूस मिळत नाही.

वाटेत बिघडली तर

हे दुकानात कुणी सांगत नाही. चाकाच्या तारा मोजा. वीस-चोवीस तारांचं चाक दिसायला झकास, पण एक तार तुटली की चाक वाकडं होऊन फ्रेमला किंवा ब्रेकला घासतं, राईड खलास. मागच्या चाकाला २८ किंवा ३२ तारा असतील तर एक गेली तरी हळूहळू घरी येता. पुढचं चाक थोडं कमी तारांचं चालेल.

डिरेलर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर जिथे टांगलेला असतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा, सायकल पडली की फ्रेमऐवजी तो वाकतो किंवा तुटतो, त्यासाठीच तो मऊ ठेवलेला असतो. पण प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा. सायकल घेतली त्याच दिवशी एक जास्तीचा हँगर मागवून सॅडलबॅगेत टाका, काही शे रुपयांची गोष्ट आहे आणि नसली तर दोन आठवडे सायकल भिंतीला.

व्हॉल्व्ह बघून ठेवा. रोड बाईकला बहुतेक प्रेस्टा असतो, बारीक, टोकाला छोटी चाकी असलेला, पेट्रोल पंपावरची हवा थेट भरत नाही, त्याला पितळी ॲडाप्टर लागतो, वीस-पन्नास रुपयाचा. आणि गावातल्या पंक्चरवाल्या काकांकडे ७०० सीची, म्हणजे रोड बाईकच्या चाकाच्या मापाची, ट्यूब मिळणार नाही, हातात घेऊन दहा मिनिटं कौतुक करतील मात्र. ट्यूब स्वतः बदलायला घरीच शिका, मागच्या चाकाची, कारण जातं तेच.

पेडलच्या दोन दांड्यांच्या मधलं बेअरिंग आट्यांचं असेल तर कुठलाही बरा मेकॅनिक बदलतो, दाबून बसवलेल्या प्रकारात कुरकुर सुरू झाली की माणूस वेडा होतो. फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअरसाठी भोकं आहेत का तेही बघा, आज नको वाटतात, दोन वर्षांनी कोकणात सामान घेऊन जायची हुक्की येते.

फ्रेमचं धातूपुराण, थोडक्यात

ॲल्युमिनियम फ्रेम आणि कार्बन फोर्क, पहिल्या सायकलसाठी विषय संपला. स्टील मला फार आवडतं पण आपल्याकडे तयार मिळणं अवघड. कार्बन हलकं आणि धक्के खाणारं, पण फक्त वजनासाठी घेत असाल तर हा हिशोब: तुम्ही ७५ किलो, सायकल ११, एकूण ८६. सायकल दोन किलोने हलकी झाली म्हणजे एकूण सव्वादोन टक्के. तासाभराच्या घाटात वाचले साधारण ऐंशी सेकंद. त्यासाठी लाखभर रुपये द्यायचे की पोळीवरचं तूप कमी करायचं हे ज्याचं त्याने बघावं. मी दोन्ही केलं नाही.

दुकानात

गर्दीच्या शनिवार-रविवारी जाऊ नका, मंगळवारी सकाळी जा. चालवायचेच कपडे आणि बूट घाला. इनसीमवरून काढलेली सॅडलची उंची टेपने मोजून लावायला सांगा, "बसून बघा ना सर" ला भुलू नका. मग टाच पेडलवर ठेवून पाय पूर्ण खाली न्या, गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा, कंबर हलली तर सॅडल उंच आहे. हात ब्रेकच्या रबरी मुठींवर, म्हणजे हूड्सवर ठेवा, कोपर थोडे वाकलेले राहतात का बघा. हात काठीसारखे ताठ झाले तर सायकल लांब आहे, स्टेम दहा-वीस मिलिमीटर आखूड करून चालेल, पण त्याहून जास्त करावं लागत असेल तर साईझ चुकली समजा. खाली ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर, हात नेऊन ब्रेक दाबून बघा.

निदान अर्धा तास चालवायला मागा. दुकानदार नाही म्हणाला तर आयडी ठेवा, कुणीतरी सोबत द्या म्हणा, आणि तरीही नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. अर्ध्या तासात एखादा फ्लायओव्हर चढा, सगळे गिअर वर-खाली करा, खराब रस्त्यावरून न्या. पहिली पंधरा मिनिटं मजेत जातात, त्यानंतर कुठे दुखायला लागतं ते लक्षात ठेवा. तळहात, खांदा, मान यांपैकी काहीही अर्ध्या तासात बोलायला लागलं तर दहाव्या तासाला ते ओरडणार आहे. बूड मात्र अपवाद, ते नव्या माणसाचं दुखतंच, त्याला दोन-तीन आठवडे द्या. गुबगुबीत जेलची सीट घेऊ नका, बसायच्या दोन हाडांच्या मधला मऊ भाग दाबला जातो आणि बधिरपणा वाढतो. सीट रुंदीने बसायच्या दोन हाडांना आधार देणारी हवी, जाडीने नाही.

जुनी घेत असाल तर

वाईट कल्पना नाही, उलट कमी पैशात वरची पायरी मिळते, लोक हौसेने घेतात आणि सहाशे किलोमीटर चालवून विकतात. मूळ बिल आणि फ्रेमवरचा नंबर जुळतोय का बघा, बिल नसेल तर सोडून द्या, चोरीच्या सायकली फिरतात. फ्रेम पुसून उजेडात बघा, पुढच्या नाकाजवळच्या वेल्डिंगमागे, खालच्या नळीखाली, रंगाला बारीक तडा किंवा सुरकुती दिसली तर नमस्कार. कार्बन असेल तर नाण्याने हलकेच वाजवत जा, आवाज एकदम बोदा झाला तर शंका घ्या, आणि जाणकाराशिवाय पहिली सायकल जुनी कार्बन घेऊच नका. चेन मोजायला साधी पट्टी पुरते, बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात, एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेनसोबत कॅसेटही गेली, तेवढे पैसे भावातून कमी करा. सीटपोस्ट हलते का पाहा, वर्षानुवर्षं न हलवलेली असेल तर आतच जाम होते. पेडलचा दांडा धरून आडवा हलवा, खडखडला तर बेअरिंग.

घरी आणल्यावर

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये वायरी ताणल्या जातात, गिअर उड्या मारतात, तारा ढिल्या होतात. सायकल खराब निघाली म्हणून रडू नका, पहिली सर्व्हिस त्यासाठीच असते, ती करून घ्या. क्लीटचे बूट, म्हणजे तळाच्या खाचेने पेडलला अडकणारे, लगेच नकोत, महिनाभर साधे पेडल. नंतर घ्यायचे तर दोन बोल्टवाले एमटीबीचे एसपीडी घ्या, त्यात माणसासारखं चालता येतं, रोडच्या तीन बोल्टवाल्या क्लीट घालून ढाब्याच्या ओल्या फरशीवर मी एकदा हातात मिसळीची प्लेट घेऊन बसलोय, म्हणजे खाली बसलोय.

पहिल्या महिन्यात ४०, ६०, ८० असं वाढवत न्या, आणि प्रत्येक राईडनंतर कुठे दुखलं ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. गुडघा पुढून दुखला तर सॅडल खाली आहे बहुतेक, गुडघ्यामागे ओढलं तर वर आहे, करंगळी बधिर झाली तर हँडलवर भार जास्त पडतोय, सॅडलचं टोक फार खाली झुकलेलं नाही ना बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही तीन-चार मिलिमीटर, आणि जुनी जागा सीटपोस्टवर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवायची. शंभर किलोमीटर न कुरकुरता झाले की मग फिटिंगवाल्याकडे, म्हणजे सायकल तुमच्या शरीराच्या मापाला बसवून देणाऱ्याकडे, पैसे देऊन जा, त्याआधी नको, कारण तो विचारतो कुठे दुखतं आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

माझी आताची सायकल ५२ ची आहे, मागे ३४ दात, टायर ३२, रंग मला आवडत नाही असा हिरवट. बाबा आता तिला "ती महागडी" म्हणतात आणि मी राईडला निघालो की टायर अंगठ्याने दाबून बघतात.